पाटावरची सायकल

नाशिकमध्ये थंडी येते ती आधी खोबरेल तेलाच्या बाटलीत. दिवाळीचे कंदील अजून उतरलेले नसतात, दुपारी पंखासुद्धा लागतो, आणि एका सकाळी बाटली उलटी धरली तरी आतलं तेल जागचं हलत नाही. मग कपाटातून स्वेटर निघतात, बाजारात बोरं आणि हिरवे हरभरे दिसू लागतात. उन्हाची एक तिरपी पट्टी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सकाळी टीव्हीखाली शिरते आणि दुपारपर्यंत सरकत सरकत दिवाणापाशी येते. यंदा बाटली काल गोठली. मी ती गरम कुकरशेजारी ठेवली आणि मला एकदम ॲलन कीचा वास आला. लोखंडाला कसला आलाय वास, असं कुणी म्हणेल. एक अख्खा हिवाळा ती एल आकाराची चावी मुठीत धरून बसा आणि मग मला सांगा.

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा तो. मी शाळेत चित्रकला शिकवते. शेहेचाळिसाव्या वर्षी मला सायकल घ्यावीशी वाटली ती आमच्या कॉलनीतल्या वर्षामुळे. ती आणि तिच्या मैत्रिणी रविवारी पहाटे सायकलने गंगापूर धरणावर जायच्या आणि परत आल्यावर दिवसभर ग्रुपवर फोटो टाकायच्या. पाण्यावरचं धुकं, हेल्मेट घातलेले हसरे चेहरे, टपरीवरचा चहा. मला त्या फोटोंचा राग यायचा. हा राग म्हणजे आपल्यालाही तिथे जायचंय, एवढं साधं कळायला मला बरेच महिने लागले. पावसाळा सरता सरता मी एक निळी, सरळ हँडलची सायकल घेतली. पांडवलेण्यांपर्यंत काही रविवार जाऊन आले. घरी आले की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालेलं असायचं, मान आखडलेली असायची. वर्षा म्हणाली, "अगं, तुझा सगळा भार हातांवर येतोय. हँडल तुझ्या मापाचं करून घे. वर-खाली होतं, कलतं, फिरतं. घरच्या घरी होतं, एक ॲलन की लागते फक्त. तेवढं झालं की धरणावर चल."

तेवढं झालं की. मला वाटलं, एका दुपारचं काम आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सासूबाईंनी सायकलची पूजा केली. मी त्यांना आई म्हणते. माहेर नामपूरचं, लग्न होऊन नाशिकरोडला आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली, पण बागलाणची बोली काही जिभेवरून उतरलेली नाही, 'आहे'ला अजून 'शे'च येतं. माझे पती संजय यांची स्कूटर खाली पार्किंगमध्ये पुजली, माझी सायकल वर हॉलमध्ये. पुढचं चाक पाटावर घेतलं, हँडलला झेंडूची माळ घातली आणि हळदीकुंकवाची बोटं नेमकी त्या बोल्टांवर टेकवली, जिथे मला चावी घालायची होती. बोल्टाच्या डोक्यात सहा कोनांचा खड्डा असतो. त्यात ओलं कुंकू गेलं आणि वाळून घट्ट बसलं.

कोजागिरीचं दूध आटवायच्या आधीच आई बाथरूममध्ये घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की हाड ठिसूळ आहे, मी सांगेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही. बेडरूममध्ये पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उभं राहायला जागा नाही, म्हणून त्यांना हॉलमधल्या दिवाणावर ठेवलं. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. सायकल हॉलमध्येच होती, कारण खाली ठेवलेली सायकल आमच्या पार्किंगमध्ये फार दिवस राहत नाही. अशा रीतीने दिवाळीच्या तोंडावर त्या हॉलमध्ये आम्ही तिघी आलो: एक आडवी, एक भिंतीला टेकलेली आणि एक मी.

कुणी विचारेल, बाई का नाही ठेवली. ठेवली होती. चांगली होती बिचारी. आईंनी तिला दिवसभर उशा सारख्या करायला लावल्या आणि ज्या कामासाठी ठेवली होती ते काही करू दिलं नाही. आठवडाभरात ती कंटाळून गेली. एकदा मी अंघोळीला गेले असताना संजय बेडपॅन घेऊन त्यांच्याजवळ गेले, तर त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. "तू नको रे बाबा," म्हणाल्या, "तिला येऊ दे." ज्याला स्वतः न्हाऊमाखू घातलं त्या मुलासमोर त्यांना जमेना. मला तेव्हा त्यांचं वाईट वाटलं. पुढे पुढे वाईट वाटणं कमी होत गेलं आणि नुसतं थकल्यासारखं व्हायला लागलं.

त्या दिवसांना आकारच नव्हता. औषधं, पेज, अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीला पावडर. दुपारी उन्हाची पट्टी दिवाणापाशी आली की आईंचे पाय तिच्यात घ्यायचे. वारा इकडचा असला की स्टेशनवरची घोषणा ऐकू यायची, कुठली तरी गाडी कुठल्या तरी फलाटावर येत असल्याची. त्यात शब्द नीट कळत नसत, फक्त गाडीच्या नावाचा चढता सूर कळायचा. मी खिडकीशी उभी राहून ऐकायचे आणि मग कुकर लावायचे.

अशाच एका दुपारी मी सेफ्टीपिन घेऊन बोल्टांतलं कुंकू टोकरायला बसले. करायला काहीतरी हवं होतं, बाकी काही नाही. कुंकू निघालं. चावी बसली. मी हँडल थोडं कलतं केलं, ब्रेकचे दांडे जरा खाली वळवले, आणि मग बसून बघायला हवं म्हणून सायकलवर चढले. मागचं चाक गव्हाची कोठी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत अडकवलं होतं, खाली घडी घातलेलं गोणपाट. पुढचं चाक खंडेनवमीपासून पाटावरच होतं. ते देवघराच्या बाजूला येत असल्याने रस्त्यावर फिरलेलं चाक तिथे फरशीवर टेकवायचं नाही, असा आईंचा हुकूम होता. मागच्या चाकाला गोणपाट चालतं, पुढच्याला पाटच, या वर्णव्यवस्थेवर मी वाद घातला नाही. चाक हलत नव्हतं आणि मला तेवढंच हवं होतं.

"खांदे कानाला लावून बसली तू," दिवाणावरून आवाज आला. "माहेराहून ओझं आणलं का डोक्यावर?"

आई उशीवर मान तिरपी करून बघत होत्या. माझ्या लक्षात आलं की मला बाजूने बघणारं जगात एकच माणूस आहे. आरशात पाहावं तर मान वळते आणि बसणं बदलतं. संजय रात्री दमून येतात आणि सगळंच छान दिसतंय म्हणतात. आई मात्र दिवसभर दिवाणावर पडून समोर पाहत होत्या आणि समोर मी होते.

मग ते रोजचंच झालं. दुपारची भांडी आवरली की मी चढायचे आणि त्या सांगायच्या. "कोपर ताठ शे तुझं. जरा वाकव." "आता बरी. आता शाळेतल्या बाईसारखी दिसती." हँडल ज्या तुकड्याने पुढच्या नळीला धरलेलं असतं त्याला स्टेम म्हणतात. त्याच्या खाली-वर काळ्या चकत्या असतात. वरची चकती खाली घातली की हँडल तेवढं वर येतं, खालची वर घातली की खाली जातं. आधी वरचं झाकण सैल करायचं, मग बाजूचे दोन बोल्ट, मग चकत्यांची अदलाबदल. परत बसवताना क्रम उलटा. झाकण फार आवळलं तर हँडल जडपणे फिरतं, सैल राहिलं तर पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवली की नळीत खट् असं वाजतं. या दोन्हींच्या मध्ये चावीचा जेमतेम पाव फेरा असतो. तो पाव फेरा शोधण्यात माझ्या कित्येक दुपारी गेल्या आणि मला त्या बऱ्या वाटल्या, हे कबूल करायला हवं. निदान काहीतरी बरोबर करता येत होतं.

हँडल चाकाशी सरळ बसवणं सगळ्यात अवघड. वरून एका डोळ्याने बघायचं, किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे. "पोरांना रेघा शिकवती ना तू?" आई म्हणायच्या. "मग हे दांडकं सरळ बसत नाय तुला?" एकदा बोल्ट फिरेना तर म्हणाल्या, खोबरेल घाल दोन थेंब. मी बाटली आणून त्यांच्यासमोर उलटी धरली. तेलाचा पांढरा गोळा तसाच. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्याचाही खुबा धरला."

मला हळूहळू वाटायला लागलं की हँडल फार वर आहे. छाती उघडी पडायची, हात चेहऱ्याजवळ यायचे. मी एक चकती वर काढली. मग दुसरी. मग शेवटची. आईंनाही पटलं होतं, "आता बरोबर, आता घोड्यावर बसल्यासारखी नाय दिसत." मी वर्षाला फोन करून कळवलं की माप जमलं. ती म्हणाली, "अरे वा, मग कधी?" मी म्हटलं बघू.

संजयना सुट्टी होती त्या दिवशी. चहाचा कप घेऊन ते समोर उभे राहिले, मी सायकलवर, आई दिवाणावर, दोघी जरा अभिमानाने त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि सहज विचारलं, "पण रस्त्यावर हा पाट नसणार ना?"

मी खाली वाकून पाहिलं. पुढचं चाक चांगलं चार बोटं उंचावर होतं आणि त्या उंचीवर आम्ही सगळा हिवाळा माझं माप घेत होतो. हँडल वर वाटणारच. मी ते खाली खाली नेत गेले होते. मी उतरले, पाट काढला, चाक देवासमोर सरळ फरशीवर टेकवलं आणि परत बसले. सगळं अंग पुढे कोसळलं. तळहातांवर भार आला आणि करंगळी पाचच मिनिटांत झोपी गेली.

आधी मला संजयचा राग आला, मग पाटाचा. आई मात्र हसायला लागल्या. हसताना खुबा दुखत होता म्हणून एका हाताने तो दाबून धरला होता आणि तरी हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आपून दोघींनी मिळून सायकल चढावर चढवली," म्हणाल्या. त्या पडल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग मीही हसले. चकत्या पुन्हा खाली घालायला सुरुवात केली, पहिल्यापासून. देवासमोर चाक टेकवायला त्यांनी कुरकुरत परवानगी दिली, खाली वर्तमानपत्र घालायच्या अटीवर.

आता आई वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात. बाथरूमला एकट्या जातात, फक्त कडी लावत नाहीत. आता मी रविवारी सायकल काढते. काढते आणि बहुतेक वेळा तासाभरात परत येते. आजकाल मला कुणी लवकर घरी बोलवत नाही. तरी पांडवलेण्यांच्या पुढे गेलं की पाय आपोआप हळू होतात आणि मी वळते. वर्षा चिडवते की तुझ्या सायकलला दोरी बांधलीय. मी म्हणते, असेल.

पण मला सांगायचं होतं ते त्या हिवाळ्याचं, थंडी सगळ्यात कडक पडली तेव्हाचं. बाजरीच्या भाकरीचे दिवस. आईंना ताप आला. थंडी वाजून येणारा, डोळे लाल करणारा ताप. डॉक्टर घरी आले, तपासलं, लघवीला जंतुसंसर्ग झाला होता. त्यांनी मला विचारलं, "पाणी कमी पितात का या?" मी म्हटलं नाही, तांब्या-भांडं उशाशीच असतं. आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर गेल्यावर मी आठवत बसले. आदल्या आठवड्यात रजेचा अर्ज वाढवायला मी शाळेत गेले होते, अर्धा दिवस. परत आले तेव्हा तांब्या तसाच भरलेला होता आणि आईंचे ओठ वाळलेले होते. मला वाटलं होतं, थंडी आहे, तहान लागत नसेल. त्याच्या आधी बँकेत गेले होते तेव्हाही तसंच. मी घराबाहेर जाणार असं कळलं की त्या पाणी बंद करायच्या. मी नसताना बेडपॅनची वेळच येऊ नये म्हणून.

मी त्यांना विचारलं. "आई, मी जाते तेव्हा तुम्ही पाणी पीत नाही?"

"कोण म्हणतं?" त्या म्हणाल्या आणि कूस बदलून द्यायला सांगितली.

ताप उतरला. संक्रांत आठवड्यावर आली. वर्षाचा फोन आला की या रविवारी धरणावर जायचंय, थंडीतली शेवटची मोठी फेरी, परतायला दुपार होईल, या वेळी तरी चल. सायकल तयार होती. खरंच तयार होती. फरशीवर, पाटाशिवाय, हात हलके, कोपर सैल, मान मोकळी. मी अर्धा अर्धा तास तिच्यावर बसून पाहिलं होतं आणि बोटं जागी राहिली होती. संजय म्हणाले, "जा तू. मी आहे ना घरी." आणि आई सगळ्यांत मोठ्याने म्हणाल्या, "जाय तू. किती दिवस माझ्यासंगं सडशील घरात? लय बसली." त्यांनी मला स्वेटरखाली काय घालायचं ते सांगितलं, सोबत तिळाच्या वड्या न्यायला सांगितल्या. मी हेल्मेट पुसून ठेवलं. शनिवारी दिवसभर गुणगुणत होते, असं संजय नंतर म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी दिवा लावायला हॉलमध्ये आले आणि उशाशी नजर गेली. तांब्या मी दुपारी जेवणानंतर भरला होता. तो काठोकाठ भरलेला होता. भांडं वर पालथं, कोरडं. रविवार अजून उजाडायचा होता आणि आईंनी आत्तापासून सुरुवात केली होती.

मला राग आला, खोटं का सांगू. इतका की हातातली काडी विझली. त्या 'जाऊ नकोस' म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते, रडले असते आणि गेले असते. हट्टाशी कसं वागायचं ते मला माहीत आहे. पण त्या तर जा म्हणत होत्या, मनापासून म्हणत होत्या, आणि मला जाता यावं म्हणून गुपचूप तहान मारत होत्या. नुकता ताप येऊन गेलेली, ठिसूळ हाडांची बाई. याच्यातून बाहेर पडायला मला कुठेच दार दिसेना. पाणी प्या म्हणून दटावलं तर त्या दोन घोट घेऊन उरलेलं मोरीत ओतायला लावतील, हेही मला ठाऊक होतं.

मी दुसरी काडी ओढली, दिवा लावला, नमस्कार केला. मग सायकलजवळ गेले आणि हँडलवरून खाली चाकाकडे पाहिलं. एक डोळा मिटून पाहिलं. सरळ होतं. इतकं सरळ ते त्या आधी कधी बसलं नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "हे वाकडं वाटतंय मला."

त्यांनी मान तिरपी करून पाहिलं. "नाय गं. बरोबर शे. दुपारी तर मीच पाहिलं."

"नाही, वाकडंच आहे. असं घेऊन लांब जाता येणार नाही, हात भरून येतील. आणि हे उद्या सकाळपर्यंत व्हायचं नाही."

संजय स्वयंपाकघराच्या दारात आले होते. "अगं, पण मघाशी तर तू..." म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे पाहून तिथेच थांबले. मी खाली बसले, चावी घातली आणि बाजूचे दोन्ही बोल्ट सैल केले. हँडल हातात फिरलं, चाक तसंच राहिलं. माझे डोळे भरून आले होते म्हणून मी मान वर केली नाही, चकत्या उगाच मोजत राहिले.

आई हँडलकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या, हे मला पाठीवर कळत होतं. मग म्हणाल्या, "वैशू, पानी दे बरं."

मी भांडं भरून दिलं. त्यांनी ते एका दमात संपवलं आणि परत पुढे केलं. दुसरं भांडंही संपवलं. मी वर्षाला मेसेज केला की सायकलचं काम निघालंय, या रविवारी जमत नाही, आणि पुन्हा खाली बसून बोल्ट आवळायला लागले.

थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. मी चावी खाली ठेवली, हात धुतले आणि बेडपॅन घेऊन गेले.